पहिल्यांदाच कारखान्यातून बूट बनवून घेताय? फर्म्यापासून खोक्यापर्यंतची वाट

स्वतःचा बुटांचा ब्रँड काढायचा म्हटलं की माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर लोगो. मीपण तेच केलं. लोगो झाला, खोक्याचं डिझाइन झालं, इन्स्टाग्रामचं पेज उघडलं, आणि बूट मुळात कशावर बनतो हेच माहिती नव्हतं. आधी कळस मग पाया. त्याची किंमत पहिल्या बॅचला मोजली, ते पुढे सांगतोच.

हा लेख ज्यांचा स्वतःचा कारखाना नाहीये पण दुसऱ्याच्या कारखान्यातून आपल्या नावाने चामड्याचे बूट बनवून घ्यायचेत त्यांच्यासाठी आहे. कपड्यांच्या धंद्यातून इकडे येणाऱ्यांनी तर नक्की वाचा, कारण तिकडचे अंदाज इथे चालत नाहीत. शर्ट अर्धा इंच इकडे तिकडे झाला तर कोणाला कळत पण नाही, बूट चार मिलिमीटर चुकला की माणूस दुसऱ्या दिवशी परत करतो. टीशर्टच्या चार-पाच साइज ठेवल्या की झालं, इथे एका डिझाइनच्या एका रंगात सहा ते दहा साइज लागतात आणि त्यात बराच पैसा अडकून पडतो.

१. आधी एकच बूट ठरवा

एक डिझाइन, फार तर दोन रंग. पहिल्याच फटक्यात फॉर्मल, लोफर, स्नीकर असं सगळं काढू नका, कारण जवळपास प्रत्येकाचा फर्मा (ज्यावर बूट बनतो तो ठोकळा) वेगळा, सोल वेगळा आणि कारखान्यातली लाइन पण वेगळी असते. बूट कोण घालणार, दिवसभर उभं राहून काम करणारा की गाडीतून ऑफिसात जाणारा, हे एका कागदावर लिहा. पुढे सोल निवडताना हाच कागद कामाला येतो.

२. फर्मा: सगळं इथेच ठरतं

फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर बूट ओढून बसवतात. कारखान्यात याला लास्टच म्हणतात. पूर्वी लाकडाचे असायचे, आता बहुतेक प्लास्टिकचे. बुटाचं फिटिंग, पुढच्या टोकाचा आकार, टाचेची पकड, सगळं यातून येतं. चामडं कितीही भारी घ्या, फर्मा चुकला की बूट चुकला.

फर्म्याबद्दल एवढं तरी डोक्यात ठेवा:

- फर्मा पायापेक्षा लांब असतो, बोटांना पुढे मोकळी जागा लागते म्हणून. टोकदार बुटात ही जागा आणखी वाढते. त्यामुळे नुसती लांबी बघून फिटिंग कळत नाही.
- लांबीपेक्षा घेर जास्त महत्त्वाचा, म्हणजे चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवतीचं माप. "बूट चावतो" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.
- फर्मा ठराविक टाचेच्या उंचीसाठीच बनतो. सॅम्पल झाल्यावर "टाच जरा वाढवा ना" म्हणालात तर बूट जमिनीवर नीट बसणारच नाही, पुढचं टोक तरी उचललं जाईल नाहीतर मागे डुगडुगेल. टाच बदलली की फर्मा बदलला.
- साइजची भाषा कारखान्याशी एकच ठेवा. युरोपियन साइजमध्ये एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी, इंग्लिश साइजमध्ये एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण ८.४७ मिमी. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, म्हणूनच वेगवेगळ्या ब्रँडचे कन्व्हर्जन चार्ट एकमेकांशी जुळत नाहीत. एक पट्टी पक्की धरा आणि ग्राहकाला पायाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायला सांगा, त्यात सगळ्यात कमी भांडणं होतात.

नवीन माणसाने स्वतःचा फर्मा बनवायला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्याकडे चालू असलेले फर्मे असतात, त्यातला आधीपासून विकला जाणारा एक घ्या, त्याच्यावर बनलेला कुठलाही बूट मागवा आणि आठ-दहा वेगवेगळ्या पायांवर घालून बघा. फक्त स्वतःच्या पायावर नको! माझा पाय अरुंद आहे, मला सगळेच बूट छान बसतात, आणि हेच मला महाग पडलं.

फर्म्यावर नंबर कोरलेला किंवा छापलेला असतो. तो लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. का ते सहाव्या पायरीत.

३. चामडं: नावावर जाऊ नका, हातात घ्या

दुकानात "जेन्युइन लेदर" लिहिलेलं वाचून आपण खूश होतो पण कारखान्यात तो शब्द जवळजवळ बिनकामाचा आहे. तिथे विचारायचं असतं की कुठला थर आणि कशाने कमावलेलं.

थराचं असं की जाड कातडं आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरचा, म्हणजे केसांच्या बाजूचा थर सगळ्यात घट्ट आणि टिकाऊ. तो घासला नसेल तर फुल ग्रेन. डाग लपवायला वरून हलका घासून त्यावर रंगाचा थर आणि छाप मारला की करेक्टेड ग्रेन. खालचा थर म्हणजे स्प्लिट, त्यापासून स्वेडसारखं खरखरीत चामडं निघतं, किंवा त्यावर प्लास्टिकचा थर चढवून गुळगुळीत चामडं म्हणून विकतात. स्प्लिट वाईट नसतं, पण फुल ग्रेनच्या भावात घेऊ नका.

कमावण्याचं म्हणाल तर जगातलं बहुतेक चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. ते लवकर तयार होतं, मऊ असतं, रंग छान धरतं. झाडाच्या सालीने वगैरे कमावलेलं, म्हणजे व्हेजिटेबल टॅन, वेळ खातं, कडक आणि भरीव असतं, पाण्याचे डाग पटकन धरतं. बुटाच्या वरच्या भागाला क्रोम, चामड्याच्या सोलला आणि बेल्टला व्हेजिटेबल, असं ढोबळमानाने धरा.

अप्परसाठी, म्हणजे बुटाच्या वरच्या भागासाठी, साधारण १.२ ते १.६ मिमी जाडी चालते, अस्तराला त्याहून पातळ. जाडी तोंडी ठरवू नका, लिहून द्या, आणि माल आला की थिकनेस गेजने स्वतः मोजा. छोटंसं साधन आहे, विकत घ्या.

चामडं स्क्वेअर फुटावर किंवा स्क्वेअर डेसिमीटरवर विकतात आणि प्रत्येक नगाचा आकार वेडावाकडा. कापडाचा रोल नाहीये हा! पाठीचा भाग घट्ट, पोटाचा आणि पायांजवळचा ढिला. बुटाचा पुढचा तुकडा, ज्याला व्हॅम्प म्हणतात, तो चांगल्या भागातून आणि कमी ताणला जाणाऱ्या दिशेत कापायचा, जीभ आणि आतले न दिसणारे तुकडे पोटातून. त्यात डाग, ओरखडे, गोचिडीच्या खुणा चुकवत कापायचं, म्हणजे वाया जाणार हे धरूनच चला. स्वस्त ग्रेडचं चामडं घेतलं की फुटामागे पैसे वाचतात आणि कटिंगच्या टेबलावर तेवढेच जातात, कधीकधी जास्तच.

हातात घेतल्यावर दोन गोष्टी करा. रंगाची बाजू आत ठेवून दुमडा आणि बघा, मोठ्या सैल सुरकुत्या उठल्या तर तो भाग ढिला आहे, पुढच्या तुकड्याला नको. मग पांढरं कापड आधी कोरडं आणि मग ओलं करून घासा. रंग लागला तर तोच रंग ग्राहकाच्या मोज्यांना लागणार आहे.

४. सोल आणि तो जोडायची पद्धत

सोलचे मटेरियल थोडक्यात. रबर जड पण टिकतं आणि पकड चांगली. ईव्हीए, म्हणजे एक प्रकारचा फोम, एकदम हलकं पण कालांतराने दबतं. टीपीआर, म्हणजे वितळवून साच्यात ओतता येणारं रबर, स्वस्त, बऱ्यापैकी पकड, उष्णतेला कच्चं. टीपीयू, म्हणजे तसंच वितळणारं प्लास्टिक, कडक आणि झिजायला चिवट. पीव्हीसी जड, थंडीत ताठ होतं.

आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हे हलकं, मऊ, घातल्यावर ग्राहक खूश, पण याचा एक रोग आहे. हवेतल्या ओलाव्याने हे आतून तुटत जातं आणि काही वर्षांनी खोक्यात नुसता पडून असलेला, एकदाही न वापरलेला बूटसुद्धा भुगा होऊन पडतो. दमट गोदामात आणखी लवकर. म्हणून पीयू सोलचा माल वर्षानुवर्षं साठवायचा विचार मनातसुद्धा आणू नका, आणि पॉलिएस्टर पीयू की पॉलिइथर पीयू ते विचारा. दुसरं ओलाव्याला जास्त टिकतं.

नवीन सोल बनवायचा म्हणजे साच्याचा खर्च, आणि मोठा बूट लहान बूट यांना वेगवेगळे साचे लागतात. पहिल्या ऑर्डरला सोलवाल्याकडचा तयार साचा घ्या. पण तो तुमच्या फर्म्याच्या तळाशी जुळतो का हे फर्मा हातात घेऊन, सोलवर ठेवून बघा. कॅटलॉगच्या फोटोवरून हे ठरत नाही.

जोडायच्या पद्धतीत, चिकटवणे ही सगळ्यात जास्त चालणारी. शिवलेल्यात ब्लेक म्हणजे आतून एक टाका सरळ सोलमध्ये, हलकी आणि लवचीक. गुडइयर वेल्ट म्हणजे मध्ये एक पट्टी शिवून तिला सोल शिवायचा, त्यामुळे सोल पुन्हा बदलता येतो, पण मशीन वेगळी, कारागीर वेगळे, खर्च बराच जास्त. कारखान्याकडे वेल्टचं मशीन नसताना "करून देऊ की" म्हणणारे भेटतात, त्यांना आधी मशीन दाखवा म्हणा.

चिकटवलेल्या बुटाचा सोल सुटला की सगळे गोंदाला शिव्या देतात. खरं कारण बऱ्याचदा तयारीत असतं: चामड्याची चकचकीत वरची पापडी नीट खरडलेली नसते, किंवा सोलच्या मटेरियलला लागणारा प्रायमर, म्हणजे गोंदाच्या आधी द्यायचा हात, लावलेला नसतो, किंवा घाईत गोंद नीट वाळू न देता दाबलेला असतो. कारखान्यात गेलात की ही जागा पाच मिनिटं उभं राहून बघा.

५. टेक पॅक आणि कारखाना

टेक पॅक म्हणजे बुटाची कुंडली. तुम्ही तोंडाने काय सांगितलं हे तीन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही, तुम्हालासुद्धा नाही. त्यात एवढं हवंच:

- चारही बाजूंचं चित्र, वरून आणि खालून पण
- फर्म्याचा नंबर, सोलचा नंबर
- प्रत्येक तुकड्याचं मटेरियल, जाडी, रंग, आणि खऱ्या चामड्याचा चिकटवलेला तुकडा
- अस्तर, इनसोल, पुढच्या टोकातलं कडक अस्तर म्हणजे टो पफ, टाचेतला कडक तुकडा म्हणजे काउंटर, आणि टाच असेल तर मधली शँकपट्टी, म्हणजे पायाच्या कमानीखालची कडक पट्टी
- धाग्याची जाडी, एका इंचात टाके किती
- नाडी, आयलेट, झिप, बकल
- लोगो कुठे, केवढा, दाबलेला की छापलेला
- साइज, खोकं, लेबल

मोबाइलच्या स्क्रीनवरचा रंग दाखवून "असा ब्राऊन" म्हणू नका. मी म्हटलं होतं. तीन वेळा तीन वेगळे ब्राऊन आले.

कारखाना निवडताना तो आत्ता काय बनवतोय ते बघा. चालू लाइनवर तुमच्यासारखाच बूट असेल तर अर्धं काम झालं. सेफ्टी शूज बनवणाऱ्याकडे नाजूक लोफर घेऊन जाऊ नका. कमीत कमी ऑर्डर किती ते विचाराल, तो आकडा एका डिझाइनचा आहे की एका रंगाचा हेसुद्धा विचारा, नवीन माणूस हमखास इथे फसतो. आणि कारखान्याने होकार दिला तरी चामडंवाल्याची, सोलवाल्याची, खोकेवाल्याची प्रत्येकाची आपापली कमीत कमी ऑर्डर असते, ती वेगळी.

६. सॅम्पल: इथे घाई केलीत तर संपलं

सॅम्पल एकदा होत नाही, फेऱ्या होतात. पहिल्यांदा फक्त डिझाइन बघायला, मिळेल त्या चामड्यात. मग फिटिंगचं. मग खऱ्या मटेरियलमध्ये पक्कं सॅम्पल. मग साइज सेट, म्हणजे सगळ्यात लहान, मधली आणि सगळ्यात मोठी साइज. मग शेवटी प्रॉडक्शनच्या मालातूनच बनवलेली एक जोडी, कटिंग सुरू व्हायच्या आधी.

सॅम्पल एकाच मधल्या साइजमध्ये बनतं, पुरुषांच्या बुटात बहुतेक ४२. ती छान बसली म्हणजे ४५ पण छान बसेल असं नाही. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एका साइजवरून बाकीच्या साइज काढताना, चूक झाली की ती टोकाच्या साइजमध्ये दिसते, म्हणून साइज सेट कधीच गाळू नका.

आता माझी गोष्ट. माझं पक्कं सॅम्पल एकदम मस्त होतं. मी ते उचलून घरी आणलं, फोटोशूट केलं, आणि कारखान्याकडे दुसरी जोडी ठेवलीच नाही. प्रॉडक्शनच्या वेळी त्यांच्याकडे त्या फर्म्याचे पुरेसे नग नव्हते. बूट काही काळ फर्म्यावर राहावाच लागतो, म्हणून दिवसाला किती बूट निघणार हे फर्म्यांच्या संख्येवर ठरतं. त्यांनी "तसाच" दुसरा फर्मा घेतला. दिसायला तसाच होता, घेर थोडा कमी. अर्धी बॅच घट्ट निघाली. मी भांडायला गेलो तर पुरावा काय, टेक पॅकमध्ये फर्म्याचा नंबर नाही आणि सह्या केलेलं सॅम्पल नाही. चूक त्यांची होती पण कागदावर माझीच.

म्हणून मंजूर सॅम्पलच्या दोन जोड्या बनवा. दोन्हींवर तारीख, दोघांच्या सह्या, फर्म्याचा नंबर, आणि पिशवीला सील. एक तुमच्याकडे, एक कारखान्याकडे. आणि तिसरी जोडी घालून फिरा, निदान दोन-तीन आठवडे, पावसात पण. चवडा दुमडतो तिथे चामडं तडकतंय का, सोलच्या कडेला फट पडतेय का, अस्तर टाचेशी फाटतंय का, ते लॅबच्या आधी तुमचा पाय सांगतो.

७. कॉस्टिंग आणि ऑर्डर

कारखान्याकडून एक आकडा घेऊ नका, फोड करून मागा: चामडं एका जोडीला किती फूट, त्यात वेस्टेज किती टक्के धरलंय, अस्तर, सोल, बारीकसारीक सामान, मजुरी, पॅकिंग, त्यांचा नफा. फोड मिळाली की भाव कमी करताना कुठे हात घालायचा ते कळतं. नुसतं "कमी करा" म्हणालात की ते कमी करतील, आणि ते तुम्हाला न दिसणाऱ्या जागेतून म्हणजे इनसोल बोर्ड किंवा काउंटरमधून करतील.

साइज सगळ्या सारख्या मागवू नका. मधल्या जास्त विकतात. ३९ ते ४४ साठी बारा जोड्यांच्या कार्टनमध्ये १-२-३-३-२-१ असं प्रमाण सुरुवातीला ठीक, नंतर तुमच्या विक्रीवरून बदला. टोकाच्या साइज पडून राहतात हे प्रत्येकाला स्वतः भोगूनच पटतं, मलाही तसंच पटलं.

ऑर्डरच्या कागदावर लिहा: सील केलेल्या सॅम्पलप्रमाणे, मटेरियल न विचारता बदलायचं नाही, तारीख, उशीर झाला तर काय, तपासणी पास झाल्यावरच शेवटचे पैसे.

८. तपासणी आणि पॅकिंग

शेवटच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, तेव्हा सगळं बनून झालेलं असतं. तीनदा जा: कटिंग सुरू झालं की, पहिले पन्नास-एक बूट फर्म्यावर चढले की, आणि पॅकिंगला.

कटिंगला बघा की डाव्या-उजव्या बुटाचे पुढचे तुकडे शेजारीशेजारी कापलेत का, नाहीतर जोडीतला एक बूट गडद, एक फिका. फर्म्यावर चढताना बघा की शिवण सरळ आहे का आणि दोन्ही टाचांची उंची सारखी आहे का. जोडी टेबलावर ठेवून मागून बघितली की लगेच दिसतं.

शेवटच्या तपासणीला सगळे बूट बघणं शक्य नसतं, त्यासाठी आयएसओ २८५९-१ चा, म्हणजे थोडे नग तपासून सगळ्या मालाचा निकाल लावायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, तक्ता वापरतात. उदाहरणार्थ ६०० जोड्यांची ऑर्डर, तपासणीची नेहमीची दुसरी पातळी, तर ८० जोड्या तपासायच्या. मोठ्या दोषांना २.५ ची मर्यादा (एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायची दोषांची पातळी) धरली तर ५ पर्यंत चालतील, ६ वी खराब निघाली की माल नापास. कार्टन तुम्ही निवडायचे. त्यांनी पुढे करून ठेवलेले नाही.

पॅकिंगमधली सगळ्यात मोठी भानगड म्हणजे बुरशी. गोंद आणि पॉलिशचा ओलावा उडायच्या आत बूट खोक्यात गेला आणि ते खोकं कंटेनरमध्ये, की पांढरी बुरशी आलीच. एक रात्र तरी उघड्यावर, कोरड्या जागी ठेवायला सांगा. सिलिका जेलची पुडी टाका, पण बुरशीनाशक पुड्या विचारल्याशिवाय नको. डायमिथाइल फ्युमरेट नावाचं रसायन अशाच पुड्यांतून यायचं, लोकांच्या कातडीवर फोड उठले आणि युरोपियन युनियनने २००९ मध्ये ते असलेला माल विकायलाच बंदी घातली.

९. बाहेरच्या बाजारात विकायचं असेल तर

जकातीसाठी बुटांचा सगळा धडा म्हणजे एचएस कोडचा, म्हणजे जगभर माल ओळखायच्या आकड्यांच्या यादीचा, ६४ वा. चामड्याचा अप्पर आणि रबर, प्लास्टिक किंवा चामड्याचा सोल असेल तर ६४०३, त्याच सोलवर कापडी अप्पर असेल तर ६४०४, दोन्ही रबर-प्लास्टिकचे असतील तर ६४०२. अर्धं चामडं अर्धं कापड असेल तर बाहेरून ज्याचं क्षेत्रफळ जास्त ते धरतात. म्हणजे डिझाइनमध्ये दोन तुकडे इकडचे तिकडे केले की कोड बदलू शकतो आणि जकातही. हे डिझाइन करतानाच बघा, माल बंदरात गेल्यावर नाही.

युरोपियन युनियनमध्ये जायचं असेल तर त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोम ६ (क्रोमचा घातक प्रकार) हे ३ मिग्रॅ प्रतिकिलोच्या खाली हवं, १ मे २०१५ पासून. कमावताना वापरतात ते क्रोम ३, ते वेगळं. पण चुकीचं तेल, जास्त उष्णता यामुळे त्याचं क्रोम ६ होऊ शकतं, म्हणून चामडंवाल्याचा जुना रिपोर्ट दाखवून भागत नाही, तुमच्या लॉटचा रिपोर्ट घ्या. बंदी असलेल्या अझो रंगांची टेस्टपण तेव्हाच करून घ्या. शिवाय अप्पर, अस्तर आणि सोल कशाचे आहेत हे सांगणारी चिन्हं निदान एका बुटावर लागतात, आणि ज्या मटेरियलने किमान ८० टक्के भाग व्यापलाय तेच लिहायचं.

फाइलमध्ये एवढे कागद ठेवा: टेक पॅक, सील केलेल्या सॅम्पलचे फोटो, कॉस्टिंगची फोड, ऑर्डरचा कागद, चामड्याच्या लॉटचे टेस्ट रिपोर्ट, तपासणीचा रिपोर्ट, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, आणि मूळ देशाचा दाखला लागत असेल तर तो.

१०. दुसरी ऑर्डर

पहिला माल विकला की लोक "तेच परत पाठवा" म्हणून मेसेज टाकतात. असं करू नका. चामड्याचा नवीन लॉट आला की रंग थोडा तरी हलतोच, म्हणून जुना तुकडा आणि नवा तुकडा दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून मंजुरी द्या. फर्मे आहेत का, किती आहेत, तोच नंबर आहे का ते विचारा, आणि फोनवर "हो तेच आहेत" ऐकलं तरी नंबरचा फोटो मागवा.